नववीचा उंबरठा आणि आमचा समुपदेशन कक्ष

ग्रंथालयाला लागून असलेली लहान खोली माजी विद्यार्थ्यांना क्रीडासाहित्याची खोली म्हणून आठवत असेल. लेझीम, डंबेल्स, व्हॉलीबॉलची फाटकी जाळी आणि हवा गेलेले फुटबॉल यांचा तेथे मुक्काम असे. आता त्या खोलीत एक चटई, दोन खुर्च्या, एक लाकडी कपाट आणि पाण्याचा माठ आहे. दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी आहे. शाळा पाहावयास आलेले माजी विद्यार्थी त्या पाटीपाशी थबकतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "आमच्या वेळी हे नव्हते. येथे नेमके काय चालते?" पालकांचा प्रश्न थोडा निराळा असतो आणि तो ते आवाज खाली आणून विचारतात : "आमच्या मुलाला तिथे का बोलावलं? त्याच्या डोक्यात काही बिघाड आहे का?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्मरणिकेच्या निमित्ताने नीट द्यावीत, म्हणून हा लेख.

उत्तराची सुरुवात आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीपासून करावी लागते.

काही वर्षांपूर्वी, हा कक्ष नव्हता तेव्हा, एक मुलगा नववीच्या वर्गात नव्याने दाखल झाला. गावातील जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंतच होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे. मुलगा अंगाने काटक, कामाला चलाख, विहारातील वंदनेला सर्वांच्या आधी हजर. पण गणिताचा तास आला की त्याच्या पोटात दुखू लागे. पहिल्या घटक चाचणीत गणिताची उत्तरपत्रिका त्याने कोरी दिली. पुढे तो तासालाच बसेना; कधी संडासात, कधी पाण्याच्या टाकीमागे सापडे. आम्ही त्या काळी जे करीत असू तेच केले. त्याला कार्यालयात उभे केले, दोन शब्द सुनावले, आईबापांच्या कष्टांची आणि बाबासाहेबांच्या अभ्यासाची आठवण करून दिली आणि "पालकांना घेऊन ये, तोपर्यंत वर्गात बसू नकोस" असे सांगितले. दिवाळी नुकतीच झालेली होती. त्याचे पालक कोणत्या तालुक्यातल्या कोणत्या फडावर आहेत, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते. तो गेला आणि परतला नाही. हजेरीपटावर काही काळ गैरहजेरीची खूण पडत राहिली. मग नाव कमी झाले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलाच्या प्रवेशासाठी आमचे एक शिक्षक त्याच गावी गेले असता तो भेटला. थोरल्या भावाबरोबर तोही आता तोडीला जाऊ लागला होता. शिक्षकांनी विचारले, "अरे, आला का नाहीस?" तो म्हणाला, "सर, मला भागाकारच येत नव्हता. कुणी इचारलंच नाही."

या वाक्याने आम्हांला पुष्कळ दिवस झोप लागू दिली नाही. आम्ही त्याला किती तरी प्रश्न विचारले होते. अभ्यास का करीत नाहीस, लाज कशी वाटत नाही, पुढे काय करणार आहेस? पण त्याला काय येते आणि काय येत नाही, हा साधा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता. समुपदेशन कक्षाचे सारे काम या एका प्रश्नाभोवती उभे आहे.

हे सारे नववीतच का उफाळून येते, ते समजून घेतले पाहिजे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याची व्याप्ती सहा ते चौदा वर्षे वयाची, म्हणजे आठवीपर्यंतची. मूळ कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवता येत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून तशी परीक्षा व अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा सुरू केली. तरीही चित्र फारसे बदललेले नाही. शाळेतील मध्यान्ह भोजन आठवीला संपते, मोफत पाठ्यपुस्तके आठवीला संपतात, हक्काची भाषा आठवीला संपते आणि नववीपासून 'पास-नापास'ची भाषा सुरू होते. पुस्तकेही बदलतात. आठवीत गणिताचे एक पुस्तक असते. नववीत त्याची दोन होतात, बीजगणिताचे वेगळे आणि भूमितीचे वेगळे. 'सामान्य विज्ञान' जाऊन 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' येते. शिक्षकांच्या बोलण्यात दर तासाला शालान्त परीक्षेचा उल्लेख होऊ लागतो. आठ वर्षे वर्गामागून वर्ग सरकत आलेल्या मुलाला आपण नेमके कोठे उभे आहोत, हे येथे प्रथमच आणि सर्वांसमक्ष कळते.

यासाठी पास-नापास रद्द करणाऱ्या धोरणाला दोष देण्याची पद्धत आहे. आम्ही त्या मताचे नाही. चौथीत नापास केल्याने भागाकार येतो असा अनुभव नाही. शाळा सुटते, हा अनुभव मात्र आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला भरपूर आहे. गावच्या गुरुजींना दोष देणेही आम्हांला पटत नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, निवडणूक आणि जनगणना करायची आणि दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर फडावर गेलेला पाहायचा, अशा शाळेतून मूल वाचायला शिकून येते हेच पुष्कळ आहे. शिवाय ही स्थिती केवळ आपल्या मुलांची नाही. 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची पाहणी आहे. त्यांतील सुमारे चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जेमतेम ४३ टक्के मुलांना जमले. म्हणजे तो मुलगा वर्गात एकटा नव्हता. आपण एकटेच आहोत, असे त्याला वाटत होते आणि तसे वाटू देणारे आम्ही होतो.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो. शाळा उघडल्यावर पहिले पंधरा दिवस नववीच्या अभ्यासक्रमाला आम्ही हात लावीत नाही. प्रत्येक मुलाला एकेकटे बोलावले जाते. पाचवीच्या मराठी पुस्तकातील एक उतारा त्याने मोठ्याने वाचावयाचा, आपल्या घराविषयी पाच ओळी लिहावयाच्या आणि काही गणिते सोडवावयाची. हातच्याची वजाबाकी, भागाकार, दोन अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्या, इतकेच. गुण दिले जात नाहीत. लाल शाई वापरली जात नाही. शिक्षकाने एवढेच टिपून ठेवावयाचे की धागा कोठे तुटला आहे. कोणाचा चौथीत तुटलेला असतो, कारण त्या वर्षी घरात आजारपण होते. कोणाचा सहावीत, कारण त्या वर्षी तीन शाळा बदलल्या. धाग्याचे तुटलेले टोक एकदा हाती आले की मुलाच्या चेहऱ्यावर दिसण्याजोगा फरक पडतो. 'मला गणित येत नाही' हे दुःख अफाट असते. 'मला छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज येत नाही' ही दोन आठवड्यांत उरकण्याजोगी बाब असते.

ऋण संख्यांचे उदाहरण येथे देण्याचा मोह आवरत नाही. नववीचे बीजगणित ज्यांच्यापाशी अडते, त्यांतील पुष्कळ जण खरे म्हणजे ऋण चिन्हापाशी अडलेले असतात. आमच्या एका शिक्षिकेने ऊसतोड कुटुंबातील मुलींना हा भाग मुकादमाच्या उचलीवरून शिकविला. पाच हजारांची उचल घेतली, तीन हजारांचे काम फिटले, तर खात्यावर काय उरले? उणे दोन हजार, हे त्या मुलींनी पाटी न घेता सांगितले. मग प्रश्न आला : प्रत्येकी दोन हजारांच्या तीन उचली मुकादमाने माफ केल्या तर घर किती रुपयांनी सावरले? सहा हजारांनी. उणे तीन गुणिले उणे दोन हजार बरोबर अधिक सहा हजार, हा नियम पाठ करण्याची गरजच उरली नाही. एक मुलगी मात्र गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, माफ कुणी करत नसतं." तिचे म्हणणे खरे होते आणि शिक्षिकेने ते मान्यही केले.

येथे कोणी म्हणेल, ही तर शिकवणी झाली; यात समुपदेशन कोठे आहे? 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' दडलेला आहे, हे त्या शब्दाचे दुर्दैव. आपल्याकडे उपदेशाला कधीच तोटा नसतो. नापास होऊ लागलेल्या मुलाला घरी, दारी, वर्गात, वसतिगृहात सर्वजण उपदेशच करीत असतात. कक्षात आम्ही तो करीत नाही. कोणते वागणे अपेक्षित आहे, हे मुलाला बहुधा आपल्याइतकेच ठाऊक असते. ते त्याच्याकडून का होत नाही, हे त्यालाही उमगलेले नसते. ते त्याच्यासह शोधणे म्हणजे समुपदेशन. तुटलेला धागा कधी भागाकाराचा असतो, कधी झोपेचा, कधी घरच्या काळजीचा, कधी एखाद्या शिक्षकाने सर्वांदेखत काढलेल्या उद्गाराचा. शोधल्यावाचून कळत नाही.

बौद्ध संस्थेत काम करणाऱ्यांना याचा आदर्श बाहेरून आणण्याचे कारण नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथकाची हकीकत आहे. थोरला भाऊ महापंथक विद्वान भिक्खू. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्याने त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. जीवकाने संघाला दिलेल्या भोजनाच्या निमंत्रणातूनही त्याला वगळले. पहाटे तो निघाला तेव्हा तथागत स्वतः दाराशी येऊन थांबले होते. कोठे निघालास, असे त्यांनी विचारले, त्याला परत आत नेले आणि त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले. पूर्वेकडे तोंड करून बस, 'रजोहरणं' एवढाच शब्द म्हणत हे वस्त्र हातांनी चोळत राहा, असे सांगितले. वस्त्र हळूहळू मळत गेले आणि अनित्यता त्याला प्रत्यक्ष हातांत दिसली. गाथा त्याच्याकडून त्या दिवशीही पाठ करून घेतली गेली नाही. शिकवण्याचा मार्ग बदलला आणि तो अर्हतपदाला पोचला.

या हकीकतीतील दोन बाबी आम्ही कामापुरत्या उचलल्या आहेत. पहिली अशी की तथागतांनी त्याला दाराशी गाठले. मूल पेटी भरून निघाल्यावर, परंतु दाराबाहेर पडण्यापूर्वी, कोणीतरी तेथे असले पाहिजे. दुसरी अशी की त्यांनी त्याच्या हातांना काम दिले. न बोलणारे मूल कक्षात आले तर आम्ही त्याला प्रश्न विचारीत नाही. ग्रंथालयातील फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालण्यास बसवितो. समुपदेशकही शेजारी बसून तेच करतात. खळ लावता लावता तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाला मूल बोलू लागते. आमच्या ग्रंथालयातील निम्म्या पुस्तकांची बांधणी अशा मौनातून झालेली आहे. चुल्लपंथकाच्या मंदपणाचे कारण म्हणून अट्ठकथेत पूर्वजन्मीचे एक कर्म सांगितलेले आहे; ते आम्ही मुलांना सांगत नाही. पूर्वकर्माची ही उपपत्ती बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारलेली आहे आणि 'माझ्या नशिबातच नाही' म्हणणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला तिचा उपयोग एकच होईल : घरी जाण्यास आणखी एक कारण मिळेल.

कक्षाचे काही नियम पालकांनी जाणून घ्यावेत. समुपदेशक हा वसतिगृहाचा अधीक्षक नसतो आणि त्या मुलाच्या उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षकही नसतो. ज्याच्या हाती रजा आणि शिक्षा असते, त्याच्यापुढे मूल खरे बोलत नाही, आणि त्यात मुलाचा दोष नाही. मुलींसाठी स्त्री समुपदेशकच असतात. सुरुवातीला हे काम दोन शिक्षक करीत. आता मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस येतात आणि उरलेले दिवस ते शिक्षक त्यांच्या मार्गदर्शनाखाली सांभाळतात. पूर्णवेळ नेमणूक अद्याप झालेली नाही, ही उणीव आम्ही लपवीत नाही. पहिल्याच भेटीत मुलाला सांगितले जाते की, तू येथे बोलशील ते बाहेर जाणार नाही. अपवाद एवढाच की तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, अथवा कोणी तुझ्यावर अत्याचार केला असेल, तर आम्हांला पुढे सांगावेच लागेल. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्याने तशी नोंद करणे सर्वांवर बंधनकारक आहे. संस्थेचे नाव जपण्यासाठी असा प्रकार दडपणे हा गुन्हा आहे. मुलाने काय सांगितले, असे पालक आम्हांला आग्रहाने विचारतात. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. पण मुलाच्या परवानगीवाचून आम्ही सांगत नाही, याचा त्यांनी राग मानू नये.

पुष्कळदा कारण मनात नसून शरीरात असते. आळवी येथील उपाशी शेतकऱ्याची गोष्ट वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे : हरवलेला बैल शोधून थकून आलेल्या माणसाला तथागतांनी आधी जेवू घालावयास लावले आणि मग धम्म सांगितला. 'लक्ष देत नाही' अशी तक्रार आलेल्या मुलाची आम्ही प्रथम नजर तपासून घेतो. फळ्यावरची अक्षरे दिसत नाहीत हे चौदा वर्षांत कोणाच्या लक्षात आले नव्हते, अशी मुले दरवर्षी निघतात. चष्म्याने त्यांचे अर्धे 'मतिमंदत्व' आठ दिवसांत नाहीसे होते. मुलींच्या बाबतीत रक्त तपासावे लागते. सरकारी योजनेतील लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा दिली जाते, ती मुली पुष्कळदा खिडकीतून टाकून देतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळते. जेवणानंतर देऊ लागल्यावर खिडकीखाली गोळ्या सापडणे बंद झाले.

वाचताना अक्षरे उलटसुलट होणारी, तोंडी उत्तरे चोख देणारी पण लिहिताना कोलमडणारी काही मुले असतात. ही अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि त्याला महिने लागतात. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करून उपयोग होत नाही. नववीतच तपासणी व्हावी, म्हणून आम्ही पालकांना बोलावतो. 'अपंगाचा शिक्का नको' असे म्हणून परत जाणाऱ्या पालकांना आमची हात जोडून विनंती आहे की, प्रमाणपत्राने मूल बदलत नाही. त्याला मिळणारा वेळ बदलतो.

मुलींची एक अडचण आम्ही वेगळी नोंदवितो. सुट्टीवर गेलेली नववीतील मुलगी परत न येण्याचे कारण दर वेळी अभ्यास नसतो. कधी कधी 'स्थळ' आलेले असते. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात मुली कक्षात येऊन गप्प बसतात, तेव्हा समुपदेशक हा प्रश्न स्वतःहून विचारतात. अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह हा कायद्याने गुन्हा आहे आणि १०९८ हा क्रमांक प्रत्येक मुलीच्या वहीच्या मागील पानावर लिहिलेला असतो. सावित्रीमाईंच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी भिंतीवर लावणाऱ्या घरांतही असे घडते. म्हणून हे या स्मरणिकेत लिहावे लागत आहे.

ध्यानाविषयी थोडे. सकाळच्या वंदनेनंतर दहा मिनिटे आनापान हा आपल्या शाळेचा जुना परिपाठ आहे. राज्य शासनानेही २०१२ मध्ये 'मित्र उपक्रमा'द्वारे शाळांतून आनापान शिकविण्यास मान्यता दिली. मन स्थिर करण्यास त्याची मदत होते, असा आमचा अनुभव आहे. परंतु "त्याला ध्यानाला बसवा, सारे ठीक होईल" असे काही पालक आणि आमचे काही धम्ममित्रही म्हणतात, ते आम्हांला मान्य नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ जे मूल उदास आहे, जेवत नाही, झोपत नाही, जीव नकोसा झाल्याचे बोलते किंवा स्वतःला इजा करते, त्याला डोळे मिटून एकटे बसविणे हा उपाय नव्हे. त्याला डॉक्टरांकडे नेले पाहिजे आणि ते आमच्या कक्षाचेही काम नव्हे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' केंद्रे आहेत. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात. आणि केंद्र शासनाची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि विनामूल्य उपलब्ध आहे, मराठीतही बोलता येते. औषध सुरू झाले म्हणजे मूल 'वेडे' ठरले, ही समजूत आपल्या वस्तीत अजून घट्ट आहे. हिवतापाच्या गोळ्यांनी जसा माणूस कलंकित होत नाही, तसाच याही गोळ्यांनी होत नाही.

बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ ची. तिच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक म्हणजे सोलापूरचे वसतिगृह होते. शाळेत नाव घातल्याने मूल शिकत नाही, त्याला राहण्यास जागा आणि पाठीवर हात लागतो, हे तेव्हाच ओळखले गेले होते. माजी विद्यार्थ्यांकडून आम्हांला जे हवे आहे, ते याच जातीचे आहे. सत्कार, शाली आणि भाषणे पुष्कळ झाली. आपल्यापैकी जे नववीत अडखळले होते, त्यांनी येऊन ते सांगावे. गतवर्षी एक माजी विद्यार्थी, आज अभियंता असलेले, नववीच्या मुलांसमोर आपली त्या वर्षाची प्रगतिपुस्तिका घेऊन बसले. गणितात शंभरापैकी एकोणीस गुण. मुलांनी ती हातोहात फिरवून पाहिली. त्या दिवशी प्रेरणादायी असे एकही वाक्य उच्चारले गेले नाही. तरी त्या आठवड्यात कक्षात स्वतःहून आलेल्या मुलांची संख्या वर्षातील सर्वाधिक होती. यशस्वी माणसांचे यश मुलांना रोज दिसते. त्यांचे एकोणीस गुण दिसत नाहीत.

पालकांकडे मागणे लहान आहे. रविवारी दूरध्वनीवर बोलताना पहिला प्रश्न गुणांचा नसावा. जेवलास का, शेजारी कोण झोपते, असे काही विचारावे. घरचे कर्ज, भांडण, आजार हे मुलापासून लपविले तरी त्याला कळते आणि अर्धवट कळलेले अधिक छळते. साध्या शब्दांत सांगावे. तोडीला जाणाऱ्या पालकांनी निघण्यापूर्वी मुकादमाचा आणि टोळीतल्या आणखी एकाचा क्रमांक कार्यालयात नोंदवून जावे. दर पंधरा दिवसांनी मुलाचे आईशी बोलणे करून देणे, हे आता कक्षाच्या कामाचा भाग आहे. त्यासाठी पालकांनी काम सोडून येण्याची अट राहिलेली नाही. 'पालकांना घेऊन ये' हे वाक्य आमच्या शाळेत कोणत्याही मुलाला उद्देशून उच्चारावयाचे नाही, असा ठराव शिक्षकसभेने केला आहे. पालकांना बोलवावयाचे असेल तर आम्हीच बोलवितो. ते येऊ शकत नसतील तर आम्ही जातो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृह ज्या दिवशी उघडते, त्या संध्याकाळची हजेरी आता अधीक्षकांबरोबर समुपदेशकही घेतात. जे आलेले नाहीत त्यांच्या घरी त्याच रात्री दूरध्वनी जातो. दूरध्वनी लागला नाही तर तिसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकजण सकाळच्या पहिल्या एस.टी.ने त्या गावी निघतो. सोबत त्या मुलाची वही असते आणि वहीत शेवटी सोडविलेले, बरोबर आलेले गणित उघडून ठेवलेले असते.